स्पोर्ट्स कार लीजवर घ्यावी की विकत? हप्त्यामागचा हिशेब

शोरूमच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले असतात. एकावर कर्जाचा हप्ता, दुसऱ्यावर लीजचा. लीजचा आकडा कमी असतो, कधी कधी बराच कमी. काचेपलीकडे गाडी उभी असते. नुकतीच ती चालवून आलेल्या माणसाच्या कानात इंजिनाचा आवाज अजून घुमत असतो आणि नकळत त्याचा हात कमी आकड्याच्या कागदाकडे जातो. हा लेख मी त्या क्षणासाठी लिहितोय. ते दोन आकडे एकाच गोष्टीचे नाहीत, त्यामुळे त्यांची अशी तुलना करून चालत नाही. कर्जाच्या हप्त्यातून गाडी थोडी थोडी तुमची होत जाते. लीजच्या, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याच्या, हप्त्यात ती फक्त तुमच्याकडे राहते.

म्हणजे लीज वाईट, असं अजिबात नाही. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत तर लीज कधी कधी जास्त शहाणपणाचं ठरतं. पण ते कधी, हे समजायला हप्त्याच्या पोटात काय आहे ते उघडून पाहावं लागतं.

लीजचा हप्ता कसा बनतो

नवी गाडी वापरायला लागली की तिची किंमत उतरते. करार तीन वर्षांचा असेल तर तेवढ्या काळात जेवढी उतरेल तेवढी भरपाई तुम्ही करायची, आणि लीज देणाऱ्या कंपनीचे जे पैसे तोवर गाडीत अडकतात त्यांवर व्याज द्यायचं. लीज म्हणजे एवढंच. घसारा आणि व्याज.

त्यासाठी करारात तीन आकडे ठरतात. पहिला, गाडीची आजची किंमत. ही छापील किंमतच असली पाहिजे असं नाही. विकत घेताना जशी घासाघीस करता, तशी लीजमध्येही करता येते, आणि पुष्कळ लोक हे विसरतात. दुसरा, करार संपताना गाडीची किंमत किती उरेल याचा कंपनीने आधीच बांधलेला अंदाज. याला रेसिड्युअल म्हणतात. तिसरा आकडा व्याजाचा, पण तो अनेक ठिकाणी टक्क्यांत सांगत नाहीत. 'मनी फॅक्टर' नावाचा एक चिमुकला दशांश सांगतात, उदाहरणार्थ ०.००२५. ऐकायला नगण्य वाटतो. त्याला २४०० ने गुणा, म्हणजे वार्षिक व्याजदर मिळतो: ६ टक्के.

हे २४०० कुठून आलं, ते कळलं की बाकीचं सोपं होतं. गाडीची किंमत १०० धरू, चलन कुठलंही असो. तीन वर्षांनी रेसिड्युअल ५५. म्हणजे कंपनीचे सुरुवातीला १०० अडकलेत, शेवटी ५५. सरासरी काढायची तर १०० आणि ५५ ची बेरीज करून २ ने भागायचं. वर्षाचा दर महिन्यावर आणायला १२ ने भागायचं, टक्क्याचा दशांश करायला १०० ने. दोन गुणिले बारा गुणिले शंभर म्हणजे २४००. कंपनी हे सगळे भागाकार आधीच उरकून ठेवते आणि तुमच्यापुढे फक्त उरलेला दशांश ठेवते.

आता हप्ता काढू. घसारा ४५, महिने ३६, म्हणजे महिन्याला १.२५. व्याज १५५ गुणिले ०.००२५, म्हणजे साधारण ०.३९. हप्ता झाला १.६४. तीन वर्षांत एकूण ५९ च्या आसपास, कर आणि शुल्क वेगळं.

हीच गाडी ६ टक्क्यांनीच पाच वर्षांच्या कर्जावर घेतली तर हप्ता १.९३ येतो. महिन्याचा फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. पण तीन वर्षांनंतर थांबून बघा. तोवर तुम्ही ६९.६ भरलेत आणि कर्ज ४३.६ उरलंय. गाडी खरोखर ५५ ला विकली गेली, तर कर्ज फेडून हातात ११.४ राहतात. म्हणजे तीन वर्षं गाडी वापरण्याचा खर्च ५८.२.

५९ आणि ५८.२. एकाच दराने, एकाच अंदाजाने हिशेब केला की दोन्ही वाटा जवळजवळ एकाच ठिकाणी पोचतात. लीजचा हप्ता कमी दिसतो तो लीज स्वस्त असतं म्हणून नव्हे. तुम्ही गाडीचा फक्त झिजलेला भाग फेडत असता, म्हणून.

मग फरक पडतो कुठे? त्या ५५ मध्ये. तो अंदाज आहे, आणि अंदाज चुकतात.

५५ चा आकडा चुकला तर

समजा तीन वर्षांनी बाजारात गाडीला ४५ च मिळाले. विकत घेतलेल्याचा खर्च ६८.२ वर गेला. लीजवाल्याचा ५९ च राहिला. तो किल्ल्या परत देतो आणि निघून जातो. तोटा कंपनीचा.

आता उलट धरू. गाडीला ७० मिळताहेत. विकत घेणाऱ्याला ती तीन वर्षं ४३.२ ला पडली. लीजवाल्याच्या करारात 'शेवटी रेसिड्युअलला गाडी विकत घेण्याचा हक्क' असं कलम असेल, तर तो ५५ देऊन गाडी घेतो, ७० ला विकतो, आणि त्याचाही खर्च ४४ च्या आसपास येतो, मधले कर सोडले तर.

म्हणजे चांगलं लीज ही एक प्रकारची विमा पॉलिसीच आहे. किंमत पडली तर तुम्ही सुरक्षित, चढली तर फायदा तुमचा. अर्थात कंपनीलाही हे कळतं. पॉलिसीचा प्रीमियम ती कुठेतरी वसूल करतेच. कधी रेसिड्युअल मुद्दाम कमी धरून, कधी व्याजदर थोडा चढवून, कधी शेवटी विकत घेण्याचा हक्कच करारातून काढून टाकून. याच उदाहरणात रेसिड्युअल ५५ ऐवजी ५० धरलं की हप्ता १.७६ होतो आणि तीन वर्षांचे एकूण ६३.५. बाकी काही बदललेलं नाही. सेल्समनने व्याज वाढवलं नाही, किंमत वाढवली नाही, फक्त एक अंदाज खाली ओढला.

याच्या उलटही घडतं. एखादं मॉडेल खपत नसेल तर उत्पादक स्वतःच रेसिड्युअल फुगवून हप्ता खाली आणतो. अशी गाडी लीजवर घ्यावी, वापरावी आणि वेळ झाली की परत द्यावी. शेवटी ती विकत घ्यायच्या फंदात पडू नये, कारण तेव्हा तिची करारातली किंमत बाजारभावापेक्षा जास्त असणार.

हे अंदाज किती चुकू शकतात, याची दोन टोकं दिसली आहेत. २००८ मध्ये अमेरिकेत इंधन महागलं, मोठ्या गाड्यांचे सेकंड हँड भाव कोसळले, आणि लीजवरून परत येणाऱ्या गाड्या कंपन्यांच्या गळ्यात पडल्या. क्रायस्लर या मोटार कंपनीच्या वित्तसंस्थेने त्या वर्षी लीज देणंच बंद केलं. नंतर २०२१ मध्ये चिपच्या तुटवड्याने नव्या गाड्या मिळेनात, जुन्यांचे भाव चढले, आणि ज्यांच्या करारात तीन वर्षांपूर्वीचं रेसिड्युअल लिहिलेलं होतं त्यांच्या लक्षात आलं की आपली गाडी बाजारभावापेक्षा बरीच स्वस्तात घेता येतेय. तेव्हा अनेक वित्तकंपन्यांनी लीजची गाडी परस्पर दुसऱ्या डीलरला विकण्यावर बंदी आणली. म्हणून ते कलम नीट वाचायचं: गाडी शेवटी विकत घेता येते का, कोणाला घेता येते, आणि किती शुल्क भरून.

स्पोर्ट्स कारचं घड्याळ वेगळं चालतं

साध्या कौटुंबिक गाडीचा घसारा बऱ्यापैकी ठरलेल्या वाटेने जातो. स्पोर्ट्स कारचं तसं नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न इथे इतका गुंतागुंतीचा होतो. काही गाड्या पहिल्या दोन-तीन वर्षांत धबधब्यासारख्या कोसळतात, विशेषतः मोठ्या, जड, आलिशान आणि महागडे पर्याय लावून सजवलेल्या. काही थोड्या उतरून स्थिरावतात. माझदा एमएक्स-५ सारखी हलकी, साधी, दुरुस्तीला सोपी गाडी घ्या किंवा पोर्शे ९११. आणि अगदी मोजक्याच गाड्यांची किंमत चढते.

या शेवटच्या गटाच्या नादाने लोक फसतात, म्हणून एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो. पोर्शेने २०१३ मध्ये नवी ९११ जीटी३ आणली ती फक्त ऑटोमॅटिक ड्युअल-क्लच गिअरबॉक्सवर. स्वतःच्या हाताने गिअर टाकण्यात ज्यांचा जीव होता ते हळहळले. २०१६ मध्ये कंपनीने ९११ आर काढली: ४ लिटरचं, टर्बो नसलेलं ५०० अश्वशक्तीचं इंजिन, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, मागे मोठा पंख नाही, वजन १,३७० किलो, आणि एकूण गाड्या फक्त ९९१. सगळ्या हातोहात गेल्या आणि बाजारात तिला मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव सांगितले जाऊ लागले. तेव्हा शिखरावर खरेदी करणाऱ्या प्रत्येकाला वाटलं असणार की असं यंत्र आता पुन्हा होणे नाही. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, पोर्शेने सुधारित जीटी३ मध्ये मॅन्युअल गिअरबॉक्स परत आणला आणि पाठोपाठ पंख नसलेला टूरिंग अवतारही दिला. ९११ आर चे गगनाला भिडलेले भाव खाली आले. गाडीत काहीच बिघडलं नव्हतं. तिचं दुर्मीळपण एका घोषणेने कमी झालं. ज्यांनी ती शोरूमच्या किमतीत घेतली ते तरीही फायद्यात राहिले. ज्यांनी वरच्या भावाने घेतली त्यांना तो निर्णय जड गेला.

यावरून मी दोन गोष्टी मनाशी धरल्या आहेत. मॅन्युअल गिअर, टर्बो नसलेलं इंजिन, कमी संख्या, उत्पादन थांबल्याची खात्रीची बातमी, या गोष्टी गाडीची किंमत धरून ठेवतात, आणि अशी गाडी छापील किमतीत मिळत असेल तर ती विकतच घ्यावी. पण किंमत चढेल या आशेवर गाडी घेऊ नये. चढली तर ते नशीब.

विकत घेतली म्हणजे गाडीवर सगळे हक्क आपले, हेही दर वेळी खरं नसतं. दुर्मीळ गाड्यांच्या विक्री-करारात ठरावीक काळ गाडी न विकण्याची अट असू शकते. फोर्ड जीटीच्या ग्राहकांना दोन वर्षांची अट होती. अभिनेता आणि कुस्तीपटू जॉन सीना यांनी त्याआधीच गाडी विकली म्हणून फोर्डने २०१७ मध्ये दावा लावला. २०१८ मध्ये तो तडजोडीने मिटला.

मॉडेलचं वयही बघा. एखाद्या पिढीच्या अखेरीस घेतलेली गाडी वर्षभरात 'जुनी' ठरते. शेव्हरोले कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारचं इंजिन १९५३ पासून पुढे होतं. २०२० च्या मॉडेलमध्ये ते चालकाच्या पाठीमागे गेलं. एवढा मोठा बदल दाराशी असताना नवी घेणाऱ्याने विचारावं की तीन वर्षांनी माझ्या गाडीचा गिऱ्हाईक कोण. विजेवर चालणाऱ्या वेगवान गाड्यांना तर हा प्रश्न दुप्पट लागू. बॅटरी आणि चार्जिंगचं तंत्र भराभर पुढे जातं आणि मागची गाडी चटकन मागे पडते. पोर्शे टायकन चालवायला अप्रतिम मानली जाते, पण तिच्या सेकंड हँड किमती झपाट्याने उतरल्या. अशा गाडीच्या उद्याच्या किमतीची जोखीम दुसरा कोणी घ्यायला तयार असेल तर मी ती त्यालाच घेऊ देईन. इथे लीज.

गाडी तुम्ही चालवणार कशी

कागदावरचा हिशेब इथे संपतो आणि तुमच्या सवयी सुरू होतात. निम्मा निर्णय माझ्या मते इथेच होतो.

लीजमध्ये वर्षाला किती किलोमीटर हे ठरलेलं असतं. साधारण १५ ते २५ हजारांच्या दरम्यान, आणि जास्त झाले की प्रत्येक किलोमीटरमागे दंड. रोज कामावर स्पोर्ट्स कारनेच जाणारा माणूस हा आकडा कधी ओलांडतो ते त्याला कळतही नाही. पण बहुतेकांच्या घरी ही दुसरी गाडी असते. रविवारी सकाळी निघते, घाट चढून येते, आणि आठवडाभर कव्हरखाली. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर. अशा माणसाचं लीजमध्ये उलट नुकसान होतं. न चालवलेल्या किलोमीटरचे पैसे परत मिळत नाहीत. तीच गाडी स्वतःची असती तर कमी चाललेल्या मीटरला विकताना चांगला भाव आला असता. तरीही लीजच घ्यायचं असेल तर कमी किलोमीटरचा करार मागा. त्यात रेसिड्युअल जास्त धरलेलं असतं आणि हप्ता उतरतो.

ट्रॅकवर जाणार असाल तर प्रश्न जवळजवळ सुटलाच. लीजच्या करारात शर्यत आणि ट्रॅकवरच्या वापराला बहुधा मनाई असते, आणि साध्या विम्यातही ट्रॅकवरचा अपघात सहसा बसत नाही. म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची गाडी तुम्ही विम्याशिवाय तिच्या टोकाच्या वेगाला नेत असता. असं करू नका. ट्रॅकची ओढ असेल तर गाडी तुमची असू द्या, आणि त्या दिवसापुरता वेगळा विमा मिळत असेल तर तो काढा.

बदल करण्याची हौस असेल तरी तेच. सायलेन्सर बदलणं, इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं, गाडी खाली बसवणं, वेगळी चाकं लावणं. लीजच्या गाडीत हे एकतर करता येत नाही किंवा सगळं मूळ अवस्थेत आणून द्यावं लागतं.

आणि मग परत देण्याचा दिवस. हा दिवस आधी डोळ्यांसमोर आणून पाहावा, असं मी प्रत्येकाला सांगतो. तपासनीस येतो तो गाडीच्या आवाजावर खूश व्हायला नाही. तो पुढच्या चाकाशी गुडघ्यावर बसतो आणि खिशातून पेनसारखं एक मापक काढून टायरच्या खाचेत खुपसतो. कायद्याला अनेक देशांत १.६ मिलिमीटर खोली पुरते, पण करारात बहुधा ३ च्या आसपास लिहिलेली असते. ताकदवान, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे रुंद, मऊ रबराचे मागचे टायर १५-२० हजार किलोमीटरमध्ये संपणं नवलाचं नाही, म्हणजे तीन वर्षांत किमान एक जोडी तुम्हाला घालावी लागणार, आणि ती कंपनीने मान्य केलेल्या बनावटीचीच. मग तो रिमच्या कडेवरून बोट फिरवतो. पार्किंग करताना फुटपाथच्या कडेला घासलेला तो बारीक खरखरीत पट्टा बोटाला लगेच लागतो. शेवटी उजेडाकडे तोंड करून तो बोनेटकडे तिरकं बघतो. स्पोर्ट्स कारचं नाक जमिनीलगत असतं. पुढच्या वाहनाने उडवलेला प्रत्येक खडा तिथेच बसतो. रंगाचे टवके मोजले जातात. तुम्ही तीन वर्षं प्रेमाने वापरलेल्या गाडीची ती यादी होते, आणि यादीच्या शेवटी बेरीज असते.

यावर उपाय आहेत. पुढच्या भागावर पहिल्याच आठवड्यात पारदर्शक संरक्षक फिल्म लावून घ्यावी, मात्र कराराला ती चालते का हे विचारून. परत देण्याच्या दोन महिने आधी तपासणी मागून घ्यावी, म्हणजे रिम आणि टवके बाहेर कमी पैशांत दुरुस्त करता येतात. आणि गाडी ताब्यात घेतल्या दिवशी तिचे सगळ्या बाजूंनी तारखेसह फोटो काढून ठेवावेत.

मालकाला या यादीची भीती नाही. त्याचीही गाडी झिजते आणि विकताना भाव कमी येतो, पण टवका राहू द्यायचा की दुरुस्त करायचा हे तो ठरवतो. त्याची भीती वेगळी: वॉरंटी संपल्यानंतरची वर्षं. क्लच, सस्पेन्शन, गिअरबॉक्स, आणि कार्बन-सिरॅमिक ब्रेक असतील तर त्या डिस्क, ज्यांचा पूर्ण संच बदलायचा तर खर्च एखाद्या छोट्या गाडीच्या किमतीपर्यंत जाऊ शकतो. गाडीची किंमत निम्मी झाली तरी तिच्या सुट्या भागांची किंमत निम्मी होत नाही. स्वस्तात मिळालेली दहा वर्षांची सुपरकार ज्यांनी घेतली ते हे वाक्य मान हलवून वाचतील.

तरीही लांबचा हिशेब मालकाच्याच बाजूने झुकतो. आपल्याच उदाहरणात पाच वर्षांत कर्जाचे एकूण ११६ जातात आणि हप्ते थांबतात. नऊ वर्षं तीच गाडी ठेवली, शेवटच्या चार वर्षांत दुरुस्तीवर २५ घातले आणि शेवटी ती २५ ला विकली असं धरलं, तरी एकूण ११६. याच नऊ वर्षांत एकापाठोपाठ एक तीन गाड्या लीजवर घेणाऱ्याचे, किमती अजिबात वाढल्या नाहीत असं मानलं तरी, १७७ होतात. त्याला बदल्यात दर तीन वर्षांनी कोरी गाडी मिळाली आणि वॉरंटी कायम राहिली. त्या ६१ च्या फरकात ही मजा तुम्हाला परवडते का आणि हवी आहे का, हे तुम्हीच सांगू शकता. काही माणसांना खरोखर हवी असते, आणि त्यात चूक काही नाही. तीन वेगवेगळ्या गाड्या अंगाखांद्यावर खेळवणं हाही एक आनंद आहे.

मधेच सोडायची वेळ आली तर

दोन सीटच्या गाडीत कुटुंब बसत नाही. नोकरी बदलते, मूल होतं, पाठदुखी सुरू होते आणि त्या खोल सीटमधून उठणं जमेनासं होतं. मालक गाडी विकतो, थोडा तोटा सोसतो, सुटतो. लीजमधून मधेच बाहेर पडणं महाग असतं. उरलेल्या हप्त्यांचा मोठा भाग आणि वर दंड, असं बिल येऊ शकतं. काही करार दुसऱ्याच्या नावावर चढवता येतात, पण तेव्हाही नव्या माणसाने हप्ते थकवले तर जबाबदारी तुमच्यावर येते का, हे आधी लेखी विचारा. तीन वर्षांनंतरचं आयुष्य धूसर असेल तर छोटा करार करा किंवा विकत घ्या.

एक चूक मात्र कोणीच करू नये: लीजवर मोठं डाउनपेमेंट. हप्ता आणखी खाली आणायला लोक सुरुवातीला मोठी रक्कम भरतात. गाडी दुसऱ्या महिन्यात चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण निकामी झाली तर विम्याचे पैसे गाडीच्या मालकाला, म्हणजे लीज कंपनीला जातात. तुम्ही आगाऊ भरलेली रक्कम बहुधा बुडते. विम्याची रक्कम आणि कंपनीचं येणं यांत जो खड्डा पडतो तो भरून काढणारं 'गॅप' संरक्षण करारात आहे का, हेही पाहा. कर्जावर घेतलेल्या गाडीलाही पहिल्या काही वर्षांत असा खड्डा पडू शकतो. वर ४५ ला विकल्या गेलेल्या गाडीचं कर्ज ४३.६ उरलं होतं, हे आठवा. भाव आणखी घसरला असता तर गाडी विकूनही कर्ज फिटलं नसतं.

करांबद्दल थोडक्यात: काही ठिकाणी कर पूर्ण किमतीवर लागतो, काही ठिकाणी फक्त लीजच्या हप्त्यांवर, आणि व्यवसायाच्या नावावर घेतलेल्या गाडीचे नियम आणखी निराळे. हे पारडं फिरवू शकतं, म्हणून सही करण्यापूर्वी तुमच्या हिशेबनिसाला विचारा.

मधली वाटही आहे, बलून कर्जाची. यात हप्ते लीजसारखे कमी असतात आणि शेवटी एक मोठी रक्कम उरते. ती भरा, किंवा त्या वेळच्या भावाने गाडी विकून फेडा. काही प्रकारांत गाडी परत देण्याचीही मुभा असते, आणि तिथे हे लीजचंच भावंड होतं. ती मुभा नसेल तर मात्र किंमत पडण्याची सगळी जोखीम तुमची, हप्ता कितीही कमी दिसो.

रोख पैसे असतील तर? व्याज वाचतं, पण ते पैसे दुसरीकडे जे कमावणार होते ते थांबतं. ६ टक्के कर्ज आणि ३ टक्के ठेव असेल तर रोख द्या. उलट असेल तर नका देऊ. स्पोर्ट्स कारसाठी अडीअडचणीची पुंजी मात्र कधीच मोडू नये.

आता पुन्हा त्या टेबलाशी येऊ. सेल्समन हप्ता सांगेल. त्याला म्हणा, हप्ता राहू द्या, मला चार गोष्टी कागदावर लिहून द्या: करारात धरलेली गाडीची किंमत, रेसिड्युअल, मनी फॅक्टर, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंतची सगळी शुल्कं. मनी फॅक्टर सांगायचं तो टाळत असेल तर हप्ता आणि बाकीच्या आकड्यांवरून व्याजदर तुम्ही काढू शकता. किंमत वजा रेसिड्युअल भागिले महिने, हा घसारा. सांगितलेल्या हप्त्यातून तो वजा करा. उरलेल्याला किंमत आणि रेसिड्युअलच्या बेरजेने भागा आणि २४०० ने गुणा, की वार्षिक व्याजदर हाती येतो. फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर मिनिटभराचं काम आहे, आणि ते त्याच टेबलावर, त्याच्यासमोर बसून करावं.